आठ वारांचा देश

२२ सप्टेंबर १९८७ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, दोन नव्या नोटा चलनात आल्या. एक ४५ क्यातची, दुसरी ९० क्यातची. नोटांचे आकडे सहसा दहा, वीस, पन्नास, शंभर असे असतात, कारण व्यवहार करणाऱ्याला सुटे देणं-घेणं सोपं जातं. ४५ आणि ९० या आकड्यांची बाजाराला काहीच सोय नव्हती. पाचशे क्यात मोजून द्यायचे तर नव्वदच्या पाच, पंचेचाळीसची एक आणि वर पाचची एक अशी जुळवाजुळव करावी लागे. पण आता अंकांची बेरीज करून पाहा. चार आणि पाच नऊ, नऊ आणि शून्य नऊ, आणि पंचेचाळीस दुणे नव्वद.

१९६२ पासून देशावर हुकमत गाजवणाऱ्या जनरल ने विन यांचा शुभ अंक नऊ आहे, हे तेव्हा रंगूनमधल्या चहाच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याआधी १९८५ मध्ये ७५ क्यातची नोट निघाली, ती त्यांच्या पंच्याहत्तरीसाठी असं लोक म्हणत. मग ५ सप्टेंबर १९८७ ला सरकारने २५, ३५ आणि ७५ च्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. बदलून देण्याची सोय नाही, भरपाई नाही. चलनातला बहुतांश पैसा त्या दिवशी कागद होऊन पडला. फीसाठी घरून पैसे घेऊन आलेले रंगूनच्या तंत्रशिक्षण संस्थेतले विद्यार्थी त्याच दिवशी रस्त्यावर आले. एके काळी जगाला तांदूळ पुरवणारा हा देश डिसेंबर १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत अविकसित देशांच्या यादीत गेला.

एका माणसाच्या आवडत्या अंकाने कोट्यवधींची शिल्लक पुसली, एवढ्यावरच ही गोष्ट बहुतेक वेळा संपवली जाते. मला मात्र तिथूनच ती सुरू होते असं वाटतं. ४५ ची नोट हातात येताच रिक्षावाल्यापासून भिक्खूपर्यंत सगळ्यांनी तिची बेरीज केली, आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं. राज्यकर्ता आणि प्रजा एकाच पाटीवर हिशेब करत होते. ती पाटी कोणती, हे समजून घेतलं की म्यानमारचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, श्वेडगोन पॅगोडाला प्रदक्षिणा घालताना स्तूपाभोवती आठ दिशांना आठ ठाणी दिसतात. प्रत्येक ठाण्यात बुद्धाची एक मूर्ती, तिच्याखाली एक प्राणी, आणि मूर्तीवर पेल्यापेल्याने पाणी घालणारी माणसं. प्रत्येक जण आपल्या जन्मवाराच्या ठाण्याशी जातो. वार सात आणि ठाणी आठ, कारण बर्मी ज्योतिषात आठवडा आठ वारांचा आहे. बुधवारचे दोन भाग पडतात. सकाळचा भाग बुधाचा, दुपारनंतरचा राहूचा. प्रत्येक वाराला एक ग्रह, एक दिशा, एक प्राणी आणि अक्षरांचा एक गट वाटून दिलेला आहे. नवव्या केतूची जागा मधोमध. तिथल्या माणसाला आपली जन्मतारीख आठवली नाही तरी जन्मवार पक्का माहीत असतो, कारण पारंपरिक रीतीप्रमाणे नावाचं पहिलं अक्षर वारावरून ठरतं.

ही वाटणी मराठी वाचकाने जरा थांबून वाचावी. स्वर रविवारचे, प्राणी गरुड. क-वर्ग सोमवारचा, प्राणी वाघ. च-वर्ग मंगळवारचा, सिंह. त-वर्ग शनिवारचा, नाग. प-वर्ग गुरुवारचा, उंदीर. ल आणि व बुधवार सकाळचे, सुळे असलेला हत्ती. य आणि र राहूचे, बिनसुळ्यांचा हत्ती. स आणि ह शुक्रवारचे, गिनीपिगसारखा एक छोटा प्राणी. आता आपल्याकडे पत्रिका जुळवताना नामाक्षरावरून 'वर्ग' काढतात तो आठवा. अ-वर्ग गरुड, क-वर्ग मांजर, च-वर्ग सिंह, ट-वर्ग श्वान, त-वर्ग सर्प, प-वर्ग उंदीर, य-वर्ग हरीण किंवा हत्ती, श-वर्ग मेंढा. मांजराच्या जागी वाघ आला आहे. श्वान तिथे दिसत नाही, आणि बर्मी उच्चारात ट आणि त एकच झालेले आहेत. बाकीची सगळी रांग जवळपास जशीच्या तशी आहे.

वैरसुद्धा तेच. आपल्याकडे प्रत्येक वर्गाचा शत्रू त्याच्यापासून पाचवा. गरुडाचा सर्प, मांजराचा उंदीर, सिंहाचा हरीण किंवा हत्ती. श्वेडगोनभोवती ईशान्येला गरुड आहे आणि बरोबर समोर नैर्ऋत्येला नाग. पूर्वेला वाघ, समोर पश्चिमेला उंदीर. आग्नेयेला सिंह, समोर वायव्येला हत्ती. आपल्याकडे पंचांगाच्या पानावर जे कोष्टक आहे, ते तिथे संगमरवरी फरसबंदीवर दिशा धरून उभं आहे, आणि त्यातून माणसं रोज चालतात. मंडालेच्या राजदरबारात 'पुन्ना' म्हणून ओळखले जाणारे ब्राह्मण असत. मुहूर्त काढणं आणि राज्याभिषेकाचे विधी हे त्यांचं काम. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. दरबार मोडला, पण दरबाराचं ज्ञान पॅगोडांच्या जिन्यांवर बसणाऱ्या ज्योतिषांकडे शिल्लक राहिलं.

या ज्ञानाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे 'यदया'. ज्योतिषी संकट सांगतो, आणि ते टाळायचा विधी म्हणजे यदया. होणारी घटना आपणच आधी लहान, निरुपद्रवी रूपात घडवून टाकायची, म्हणजे मोठ्या रूपात ती घडायची उरत नाही. रक्तपाताचं भाकीत झालं म्हणून ने विन यांनी आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेवर गोळी झाडली, एक पूल ते उलट्या पावलांनी चालून गेले, अशा गोष्टी देशभर सांगितल्या जात. त्या खऱ्या का खोट्या हे तपासण्याचं साधन कोणाजवळ नव्हतं. वर्तमानपत्रं सरकारी, राज्यकर्ते तटबंदीआड. अशा देशात नोटेवरचा आकडा, समारंभाची वेळ, नेत्याच्या पेहरावाचा रंग हीच बातमी असते, आणि लोक ती बारकाईने वाचतात.

ही सवय लष्कराने लावलेली नाही. स्वतंत्र ब्रह्मदेशाचा जन्मच मुहूर्तावर झाला आहे. ४ जानेवारी १९४८ च्या पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी युनियन जॅक खाली उतरला, कारण ज्योतिषांनी ती वेळ काढून दिली होती. पहिले पंतप्रधान ऊ नू हे लोकांनी निवडलेले, वाचनवेडे, श्रद्धाळू बौद्ध. देशावरचं अरिष्ट टळावं म्हणून १९६१ मध्ये त्यांनी देशभर वाळूचे ६० हजार पॅगोडे उभारायला लावले. तीनच महिन्यांत, २ मार्च १९६२ ला, ने विन यांनी त्यांचं सरकार उलथवलं.

त्याही आधीचा एक माणूस आहे, आणि तो नेमका ९० च्या नोटेवर छापलेला आहे. साया सान हा वैदू आणि ज्योतिषी. डिसेंबर १९३० मध्ये, जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळलेले असताना इंग्रज सरकार करवसुली सोडेना, तेव्हा त्याने शेतकऱ्यांचा उठाव केला. त्याच्या सेनेचं नाव 'गलोन', म्हणजे गरुड. परका राज्यकर्ता हा नाग आणि नागाला मारणारा गरुड आपण, हा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. तो ईशान्य आणि नैर्ऋत्येच्या ठाण्यांतून रोज दिसतच होता. बंदुकीची गोळी लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी अंगावर मंत्र गोंदवून घेतले, ताईत बांधले आणि भाले-तलवारी घेऊन मशीनगनवर चालून गेले. उठाव चिरडला गेला. साया सानला नोव्हेंबर १९३१ मध्ये फाशी झाली. गोंदण गोळी अडवू शकलं नाही, हे खरं. पण विखुरलेल्या, कर्जात बुडालेल्या गावांना एका ध्वजाखाली आणायला त्या वेळी गरुडाशिवाय दुसरी भाषा हाताशी नव्हती.

ने विन यांच्यानंतरच्या सेनानींनी ही भाषा राज्यकारभाराच्या पातळीवर नेली. ६ नोव्हेंबर २००५ ला सकाळी ६ वाजून ३७ मिनिटांनी सरकारी ट्रकांचे ताफे यांगून सोडून उत्तरेला निघाले. सुमारे ३२० किलोमीटरवर, माळरानात, नेप्यिडॉ ही नवी राजधानी गुपचूप बांधून तयार होती. कर्मचाऱ्यांना आवराआवरीलाही पुरता वेळ मिळाला नव्हता. तिथलं संसदसंकुल ३१ इमारतींचं आहे. बौद्ध विश्वरचनेत अस्तित्वाचे लोक ३१ आहेत. तिथला उप्पतसंती पॅगोडा श्वेडगोनची प्रतिकृती आहे, फक्त उंचीला मूळ पॅगोडापेक्षा थोडासा कमी, म्हणजे मूळ वास्तूचा मान राखला जावा.

त्याच सुमारास प्रत्येक राज्याला आणि विभागाला मोगली एरंडाच्या लागवडीचं लक्ष्य मिळालं, पाच-पाच लाख एकरांचं. सरकारी कारण इंधनतेलाचं होतं. शेतकऱ्यांना बांधावर, शाळांना आवारात, घरांना कुंपणाशी रोपं लावावी लागली. या झाडाचं बर्मी नाव 'च्येत् सू'. लिहिताना पहिलं अक्षर क-वर्गातलं म्हणजे सोमवारचं, दुसरं च-वर्गातलं म्हणजे मंगळवारचं. नजरकैदेत असलेल्या विरोधी नेत्या आंग सान सू ची यांच्या नावातली शेवटची दोन अक्षरं घ्या. सू मंगळवारचं, ची सोमवारचं. झाडाच्या नावात तोच क्रम उलटा. लोकांनी लगेच ओळखलं की हा यदया आहे. त्यांच्या नावाचं बळ उलटं फिरवण्यासाठी देशभर झाड लावलं जातंय, अशी कुजबुज गावोगाव पसरली. सेनानींच्या मनात ते खरोखर होतं का, याचा कागद कधी सापडायचा नाही. पण हुकूम ऐकणारा प्रत्येक शेतकरी तो असाच वाचत होता, एवढं नक्की.

२१ ऑक्टोबर २०१० ला देशाचा ध्वज बदलला. जुना ध्वज मंगळवारी जन्मलेल्या कर्मचाऱ्याने उतरवावा आणि नवा बुधवारी जन्मलेल्याने चढवावा, असा आदेश निघाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. फेब्रुवारी २०११ मधल्या संघदिनाच्या समारंभात तर सर्वोच्च नेते थान श्वे आणि त्यांचे सहकारी 'अचेइक' नक्षीच्या रेशमी लुंग्या नेसून दूरदर्शनवर दिसले. ती लाटांची नक्षी तिथे बायकांच्या वस्त्राची मानली जाते. या देशावर एक स्त्री राज्य करील असं भाकीत असल्याचं लोक मानत होते. मग यदयाच्या नियमाने अर्थ लागला. बाईचं वस्त्र नेसून सेनानींनी ते भाकीत आपल्यापुरतं फेडून टाकलं.

आतापर्यंतच्या गोष्टीत आकडे निवडणारे हात सत्तेचे होते. पण जी भाषा सगळ्यांना वाचता येते, ती सगळ्यांना लिहिताही येते. हे १९८८ मध्ये दिसलं.

नोटा रद्द झाल्यानंतरचा राग अकरा महिने धुमसत होता. विद्यार्थ्यांनी देशव्यापी संपासाठी तारीख निवडली ८-८-८८. सकाळी ८ वाजून ८ मिनिटांनी रंगून बंदरातल्या कामगारांनी काम थांबवलं आणि शहर रस्त्यावर उतरलं. नऊचा माणूस सत्तेवर बसलेला, आणि त्याच्यासमोर लोकांनी चार आठ मांडले. तारीख सांगायला पत्रक लागलं नाही, विसरायची भीती नव्हती, आणि आज काहीतरी मोठं घडणार आहे ही जाणीव त्या आकड्यातच होती. ने विन त्याआधी दोन आठवडे पक्षाच्या अध्यक्षपदावरून उतरले होते. लष्कराने गोळीबार केला. पुढच्या काही आठवड्यांत किती माणसं मारली गेली याचे अंदाज काही शेकड्यांपासून दहा हजारांपर्यंत जातात. १८ सप्टेंबरला लष्कराने सत्ता उघडपणे हातात घेतली. महिना नववा, एक आणि आठ नऊ. निवडणूक ठरली २७ मे १९९० ला. दोन आणि सात नऊ. कदाचित यातलं काही निव्वळ योगायोगाने जुळलं असेल, पण बेरीज घरोघर झाली. त्या निवडणुकीत सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, आणि लष्कराने निकाल मानला नाही.

मग १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव. दुसऱ्या रात्री आठ वाजता यांगूनच्या गच्च्यांवर आणि खिडक्यांत लोक भांडी बडवू लागले. घरातली अवदसा, भूतबाधा हाकलायला धातूची भांडी वाजवण्याची तिथली जुनी रीत आहे. त्या रात्री कोणालाही घोषणा द्यावी लागली नाही. कोणाला हाकलायचं आहे ते आवाजातच होतं. २२ फेब्रुवारीला सार्वत्रिक संप झाला. तारीख लिहून पाहा, २२-२-२०२१. त्यातले पाच दोन उचलून लोकांनी त्याला 'पाच दोनचा लढा' म्हटलं, ८८८८ चा धाकटा भाऊ.

आणि मार्चच्या सुरुवातीला सर्वांत थक्क करणारी गोष्ट घडली. बर्मी समजुतीप्रमाणे पुरुषाच्या अंगी 'भोन' नावाचं तेज असतं, आणि बायकांच्या कमरेखालच्या वस्त्राखालून गेलं तर ते उणावतं. शतकानुशतकं या समजुतीने बायकांचे कपडे वेगळे धुतले, वेगळे वाळवले, पुरुषांच्या डोक्यावरून जाणार नाहीत अशा जागी ठेवले. २००७ मध्ये थायलंडमधल्या चियांग माय इथल्या महिला कार्यकर्त्यांनी जगभरच्या बायकांना बर्मी वकिलातींकडे टपालाने अंतर्वस्त्रं पाठवायचं आवाहन केलं होतं, त्यामागे हीच समजूत होती. २०२१ मध्ये यांगूनच्या बायकांनी आपली 'थमीन', म्हणजे नेसायची लुंगी, दोरीवर ओवून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावर ताणली. हत्यारबंद तुकड्या त्या दोऱ्यांपाशी येऊन थबकल्या. कुणी काठीने कपडे ओढून काढू लागला, कुणी गाडीच्या टपावर चढून दोरी सोडवू लागला. तेवढ्या वेळात गल्लीतली पोरं निसटून जात. ८ मार्चला, महिला दिनी, बायकांनी थमीनचेच ध्वज केले. तरुण मुलगे थमीन डोक्याला गुंडाळून छायाचित्रं काढून घेऊ लागले. आपल्याला ही भीती नाही, हे त्यांना आपल्या आया-बहिणींना सांगायचं होतं.

एकाच दोरीने दोन कामं केली, हे मला विलक्षण वाटतं. सैनिक श्रद्धा मानत होता म्हणून दोरी त्याला अडवू शकली. ती बांधणाऱ्या कित्येक मुली ही श्रद्धा मानत नव्हत्या, म्हणूनच त्या ती बांधू शकल्या. बायकांना कमी लेखणारी समजूत त्यांनी बायकांच्याच संरक्षणाला उभी केली, आणि ती करताना तिचा अपमानही पुसून टाकला. दोरीने गोळ्या अडत नाहीत. लढा पुढे जंगलात आणि डोंगरात गेला, आणि त्याची किंमत तो देश अजून मोजतो आहे. तरीही चार-पाच कपड्यांनी शस्त्रसज्ज तुकडी काही मिनिटं रोखली, हे घडलं आहे.

अशा गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत तळटीपेत जातात, किंवा 'विचित्र पण सत्य' या सदरात. त्यांची जागा मुख्य मजकुरात आहे असं माझं ठाम मत आहे. नोटेवरचा नऊ वगळला तर १९८७ ची नोटबंदी समजत नाही. चार आठ वगळले तर एक आख्खा देश एकाच मिनिटाला कसा उठला ते समजत नाही. गलोन वगळला तर शेतकरी मशीनगनसमोर का गेला ते समजत नाही. श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण राजकारणात त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो. ती कोणाकोणाला वाचता येते? राज्यकर्त्याला वाटतं की अंक, वार, वस्त्र ही आपली गुप्त शस्त्रं आहेत. प्रत्यक्षात त्याने ती प्रजेकडूनच घेतलेली असतात, आणि प्रजा ती हवी तेव्हा परत मागू शकते. जिथे सत्ता आणि प्रजा एकच पंचांग उघडून बसतात, तिथे मुहूर्त काढण्याचा मक्ता कोणा एका बाजूकडे फार काळ राहत नाही.